आनंदराज सरांची पाच मिनिटं

पाच मिनिटं म्हणजे नेमका किती वेळ, यावर आनंदराज सरांचं आणि घड्याळाचं उभ्या आयुष्यात जमलं नाही. बिलोलीच्या हायस्कुलात सर इंग्रजी शिकवायचे तेव्हा तास संपल्याची घंटा व्हायची, पुढच्या तासाचे गुरुजी दारात येऊन उभे राहायचे, या पायावरून त्या पायावर भार टाकायचे, शेवटी डस्टर बगलेत मारून निघून जायचे, आणि आत सर म्हणत असायचे, "फक्त पाच मिनिटं." एका वर्षी पोरांची अख्खी त्रिकोणमिती या पाच मिनिटांत बुडाली असं त्या शाळेत अजून बोललं जातं. सरांच्या निरोप समारंभाला तर त्यांच्या उत्तराच्या भाषणात वरण दोनदा गरम करावं लागलं. तिसऱ्यांदा आचाऱ्यानं चुलीतली लाकडंच बाहेर ओढली.

माणूस मात्र सोन्यासारखा. शिकवायचे ते जीव ओतून. फक्त एखादा शब्द हाती लागला की त्याचा बाप कोण, आजा कोण, तो कोणत्या देशातून कोणत्या देशात आला, हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. त्यातही कर्टेल हा शब्द सरांच्या विशेष जिव्हाळ्याचा. कर्टेल म्हणजे कपात करणं. तो शब्द शेपूट छाटलेल्या घोड्यावरून आलेला आहे, आणि त्या घोड्याची गोष्ट सर सांगायला लागले की घोड्याची शेपूट छाटली जायची पण गोष्टीची नाही. सरांच्या पत्नी विशाखाबाई यांनी तो घोडा लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकलेला होता. विशाखाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. "ताप आहे? कधीपासून? पुढचा." एवढ्यात त्यांचं एक माणूस व्हायचं. असा हा जोडा.

निवृत्त होऊन सर नांदेडला कॉलनीतल्या घरात राहायला आले, आणि दोन वर्षांत त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याला कुणी काही विचारत नाही. भाजीवाला विचारतो, पण तो काय देऊ एवढंच विचारतो. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सर गॅलरीत बसायचे, शाळेच्या बसगाड्या जाताना बघायचे आणि अंघोळ करून तयार झालेल्या माणसाला कुठंच जायचं नसलं की कसं होतं तसं त्यांचं व्हायचं. विशाखाबाईंना ते दिसायचं. त्या चहा जास्तीचा द्यायच्या.

अशात लातूरहून फोन आला. तिथल्या ध्येयसिद्धी क्लासेसच्या संचालक शिल्पा मॅडम. त्यांची नांदेडला शाखा निघत होती आणि बारावीच्या इंग्रजीला मुरलेला माणूस हवा होता. कुणीतरी सरांचं नाव सुचवलेलं. मॅडम लातूरच्या, म्हणजे घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या. म्हणाल्या, "सर, एक व्हिडिओ पाठवा. पाच मिनिटांचा. एका दमात घेतलेला, मध्ये जोडजाड नको. समोर ऐकणारी माणसं पाहिजेत, भिंतीला शिकवलेलं आम्ही बघत नाही. रविवारी सहापर्यंत. विषय तुमचा. फक्त शॉर्टमध्ये ठेवा."

"मॅडम, शॉर्टमध्ये म्हणजे?" सर एकदम खुलले. "त्याचं असंय, इंग्रजीत आखूड करायला एकच शब्द नाही. कट शॉर्ट वेगळं, कर्टेल वेगळं. कर्टेलचं तर असं झालं मॅडम, की पूर्वी घोड्याची—"

फोन बंद झाला होता. रेंज गेली असेल, असं सर म्हणाले. पण विषय तिथंच ठरला. आखूड करण्याची इंग्रजी क्रियापदं, आणि ती कुठं कोणती वापरायची. ज्या माणसाला आयुष्यात एक वाक्य आखूड करता आलं नाही त्यानं हा विषय घ्यावा, याला धाडसच म्हणायचं.

पहिला प्रयोग घरात झाला. श्रोते म्हणून सोफ्यावर शेजारचे भुजंगराव आणि त्यांच्या मंडळी केवळाबाई. विशाखाबाईंनी मोबाइल धरला. सरांनी गळा साफ केला आणि सुरुवात केली ती लॅटिनपासून. पाच मिनिटं झाली तेव्हा घोडा तबेल्यातून बाहेर निघाला होता, इतकंच.

"अजून घोडाच चालायलाय," विशाखाबाई मोबाइल खाली ठेवत म्हणाल्या. "शब्द कधी यायचा?"

सरांना ते लागलं. पार्श्वभूमी नको का, असं काहीतरी ते पुटपुटले. भुजंगराव मात्र विचारात पडले होते. हे भुजंगराव तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. सल्ला देणं हा त्यांचा श्वास होता.

"सर, घरात हे जमणार न्हाई," ते म्हणाले. "मागं तुमचा फ्रिज दिसायलाय. फ्रिजवर केळी. लातूरवाले काय म्हणतील? आपलं कॉलनीचं सभागृह रिकामं पडलंय की. दहा-वीस मानसं बसवा, मस्त शिकवा. जिम्मेदारी माझी."

सरांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी ते सभागृहाच्या ऑफिसात गेले. तिथं कॉलनी समितीचे सचिव बसलेले होते. सचिव म्हणजे हेच भुजंगराव. पण गेटवर लुंगीत उभे असलेले भुजंगराव वेगळे आणि पँट घालून, चष्मा लावून खुर्चीत बसलेले भुजंगराव वेगळे. खुर्चीतल्या भुजंगरावांनी सरांना ओळख दिली, बसा म्हणाले आणि विचारलं, "काय काम काढलं?"

"तुम्हीच काल म्हणालात ना, सभागृह घ्या."

"ते मी शेजारी म्हणून म्हणलो. सचिव म्हणून मला नियम बघावा लागतोय. सभागृह शिकवणीला देता येत न्हाई. मागं एका बाईला दोन दिवस शिवणकाम शिकवायला दिलं, त्या बाई दोन वर्षं निघाल्या न्हाईत. तेव्हापासून ठराव झालाय. सभागृह फक्त कार्यक्रमाला."

"मग कार्यक्रम समजा."

"समजून चालत न्हाई सर. कार्यक्रम म्हणलं की अध्यक्ष पाहिजे, प्रमुख पाहुणे पाहिजेत, प्रतिमापूजन, प्रास्ताविक, सत्कार, आभार. तेवढं असलं की कार्यक्रम. न्हाईतर ती शिकवणी."

"अहो, पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटांचं असो न्हाईतर पाच तासांचं. नियमात वेळेचा उल्लेख न्हाई."

आता दुसऱ्या कुणी तिथंच नाद सोडला असता. पण सरांना लातूरचा फोन आठवत होता, आणि गॅलरीतली ती खुर्चीही आठवत होती. ते म्हणाले, ठीक आहे, करू कार्यक्रम. अध्यक्ष तुम्हीच व्हा. यावर सचिव एकदम शेजारी झाले आणि सरांना चहा सांगितला.

बाहेर पडताना सरांना बजरंग भेटला. बजरंग हा सरांचा बिलोलीचा विद्यार्थी. दहावीत इंग्रजीनं त्याला बऱ्याच वेळा परत पाठवलं होतं, पण त्याचा राग त्यानं कधी सरांवर काढला नाही. आता नांदेडात त्याचा मंडप आणि साउंडचा धंदा होता. सरांनी सगळं सांगितल्यावर त्याचे डोळे भरून आले.

"सर, तुम्ही टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "बाकीचं सगळं मी बघतो."

माणसानं आयुष्यात काही वाक्यांना घाबरून राहावं, त्यातलं हे एक. सर घाबरले नाहीत. ते उलट निश्चिंत होऊन घरी गेले आणि घोड्याचं टिपण वाढवत बसले.

रविवारी दुपारी तीनला ठरलेलं. सर अडीचला सभागृहात पोचले आणि पायरीवरच थांबले. दारात कमान होती. आत मंडपाची झालर होती, एवढ्याशा सभागृहाला तीन स्पीकर होते, आणि स्टेजच्या मागं भिंतभर बॅनर होता. बॅनरवर वरच्या रांगेत पाहुणे, खालच्या रांगेत समितीचे सदस्य, डाव्या हाताला भुजंगराव गॉगल लावून, उजव्या हाताला बजरंग हात जोडून. सर कुठं आहेत ते शोधायला विशाखाबाईंना चष्मा काढून पुसावा लागला. खाली कोपऱ्यात, झालरीच्या काठाशी, पासपोर्टचा फोटो होता तो सरांचा. विषयाचं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं, पण बॅनर भिंतीपेक्षा लांब निघाल्यामुळं उरलेला भाग खांबामागं दुमडून बांधलेला. त्यामुळं समोरून एवढंच वाचता येत होतं: 'इंग्रजीतील आखूड करण्याची'. पुढं काय करण्याची, ते खांबाला माहीत.

"बजरंग, हे कशाला रे?"

"सर, लोकांनी हौसेनं केलं. आन प्रमुख पाहुण्यांचा इंतजाम झाला. शंकरप्पा येऊन राहिलेत."

शंकरप्पा म्हणजे तेलंगणाच्या सीमेकडच्या एका गावचे माजी सरपंच. बजरंगनं त्यांच्या तीन पोरींच्या लग्नाचे मंडप टाकलेले, म्हणून शब्द टाकला. त्यांनीही आढेवेढे घेतले नाहीत. फक्त आपल्यासोबत आपली माणसं असतील आणि त्यांचाही मान राखला जावा, एवढं ते म्हणाले.

तीन वाजले. साडेतीन वाजले. पाहुणे देगलूर नाक्याला आलेत असा फोन आला, पण तिथं कुणीतरी त्यांचा सत्कार करायलाय असं कळलं. तोपर्यंत खुर्च्या भरल्या होत्या. आपल्याकडं बॅनर दिसला आणि चहाचा वास आला की माणसं बोलवावी लागत नाहीत. सर पुढच्या रांगेत टिपणं मांडीवर घेऊन बसले. दर थोड्या वेळानं ते विशाखाबाईंकडं बघायचे, आणि विशाखाबाई सभागृहातल्या घड्याळाकडं.

साडेचारला शंकरप्पा आले. बजरंगनं माइक हातात घेतला आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. प्रत्येक नावाआधी एक शेर. शेर झाला की नाव, नाव झालं की टाळ्या, टाळ्या झाल्या की शाल. शंकरप्पांची माणसं एवढी होती की बजरंगनं आणलेल्या शाली संपल्या आणि नंतरच्यांना टोपी-टॉवेलवर भागवावं लागलं. त्यावरून टॉवेलवाल्यांत कुजबूज झाली. विशाखाबाई मोबाइल घेऊन समोरच उभ्या असल्यामुळं शाल अंगावर पडलेला प्रत्येक माणूस त्यांच्याकडं तोंड करून तसाच उभा राहायचा आणि म्हणायचा, "ताई, तेवढा माझा व्हिडिओ घ्या ना." विशाखाबाईंनी आयुष्यभर रांगेतल्या माणसाला नाही म्हटलं नव्हतं. त्या घेत गेल्या.

आणि ऐन रंगात अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसली. भुजंगराव बाहेर चपला घालत होते. झालं होतं असं की सगळ्यांचे सत्कार झाले, फक्त अध्यक्ष घरचे म्हणून त्यांचा राहिला. "आम्हाला काय, आम्ही घरचेच," असं म्हणत ते नाराज होऊन निघाले होते. सचिव गेले की सभागृहाची किल्ली जाणार. आता शाल नाही, टॉवेल नाही. शेवटी सरांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली. निरोप समारंभाची होती ती, विशाखाबाईंनी खास आज काढून दिलेली. ती भुजंगरावांच्या अंगावर चढली. त्यांनी मोबाइलकडं बघून नीट फोटोपुरतं हसून घेतलं आणि ते प्रास्ताविकाला उभे राहिले. प्रास्ताविक त्यांनी लिहून आणलेलं होतं. पानं दोन्ही बाजूंनी लिहिलेली आहेत हे सरांना पहिलं पान उलटल्यावर कळलं.

त्यानंतर शंकरप्पा उठले. "मी जास्त वेळ घेणार न्हाई," ते म्हणाले. हे ऐकून सभेची सवय असलेली माणसं खुर्चीत जरा खाली सरकून ऐसपैस बसली. शंकरप्पांनी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, मग आपल्या गावचा रस्ता सांगितला, मग त्या रस्त्याला कोण आडवं आलं ते सांगितलं. मधेच माइकनं शीळ घातली, ते थांबले, शीळ थांबली, ते पुन्हा रस्त्यावर आले. भाषण संपवून बसतील तर ते बसलेच नाहीत. देगलूरला एक लग्न आहे म्हणाले आणि पायऱ्या उतरले. त्यांच्या मागं शालवाले उठले, टॉवेलवाले उठले. निम्मं सभागृह रिकामं झालं.

सरांच्या हातात माइक आला तेव्हा सहाला जेमतेम थोडा वेळ उरला होता. "सर, दोन शब्दांत उरका," बजरंग कानाशी कुजबुजला. "चहा उकळून राहिलाय."

सरांचं तोंड उतरलं. ज्याच्यासाठी मंडप त्यालाच दोन शब्द. समोर बाया उरल्या होत्या, काही पोरं, चहासाठी थांबलेली माणसं आणि शाल पांघरून बसलेले भुजंगराव. सरांनी टिपणाकडं पाहिलं. पहिल्या पानावर लॅटिन होतं. त्यांनी समोर पाहिलं. विशाखाबाईंनी मोबाइल वर धरला होता आणि दुसऱ्या हाताची पाच बोटं पसरून दाखवली होती. त्या बोटांत राग नव्हता, नुसती विनवणी होती. सरांना ती कळली. त्यांनी टिपण घडी करून खिशात घातलं.

"शंकरप्पा साहेब आत्ता गेले," सर म्हणाले. "त्यांना चहापर्यंत थांबायचं होतं, पण आधीच उठले. ठरलेल्या वेळेआधी एखादी गोष्ट आटोपती घेतली की इंग्रजीत म्हणायचं कट शॉर्ट. वाक्य होईल, 'ही कट शॉर्ट हिज व्हिजिट.' सहल, सुट्टी, भेट, भाषण, सगळं कट शॉर्ट करता येतं. साहेबांनी भेट कट शॉर्ट केली. भाषण नाही केलं."

मागच्या खुर्चीत कुणीतरी फस्सकन हसलं. सर थबकले. त्यांच्या तासाला हसू आलेलं त्यांना आठवत नव्हतं.

"हा बॅनर बघा. शेवट खांबामागं गेला. सुरुवात जागेवर, मधलं जागेवर, फक्त टोक उडवलं. याला ट्रंकेट. भुजंगरावांचं प्रास्ताविक आठ पानांचं. ते दोन पानांत बसवलं असतं आणि मुद्दा एकही सुटला नसता, तर ते अब्रिज. हे बहुतेक पुस्तकांचं करतात."

"मंग माझं काय झालं?" भुजंगरावांनी विचारलं.

"तुमचं पूर्ण झालं."

आता सगळेच हसले, भुजंगरावही शालीत हसले. सर पुढं म्हणाले, "चहासोबत चिवडा ठरला होता. माणसं वाढली म्हणून बिस्किटावर आलं. बंद नाही केलं, कमी केलं. खर्च, सवलती, अधिकार यांना अशी कात्री लावली की त्याला म्हणतात कर्टेल. आणि हा कर्टेल शब्द—"

घोडा सरांच्या ओठापर्यंत आला. विशाखाबाईंनी पाच बोटं पुन्हा वर केली. सरांनी त्यांच्याकडं पाहिलं, एक आवंढा गिळला, आणि घोडा पोटात गेला. "हा शब्द लक्षात ठेवा," एवढंच ते म्हणाले. तीस-पस्तीस वर्षांत असं पहिल्यांदा घडत होतं, आणि ते बघायला त्या सभागृहात एकच जाणकार बाई होती.

तेवढ्यात केवळाबाई उभ्या राहिल्या. भुजंगरावांच्या या मंडळी कधी चारचौघांत बोलत नसत. "सर, मी एक विचारू का? मी काही बोलायले की आमचे हे मधीच—"

"अगं, बस खाली. मी कधी मधी—" भुजंगराव म्हणाले.

"हे बघा," केवळाबाई म्हणाल्या. "ह्याला काय म्हंतेत?"

"इंटरप्ट," सर म्हणाले. "मधेच तोडणं. पण इंटरप्ट झालेलं संपलेलं नसतं. माइकनं शीळ घातली तेव्हा साहेबांचं भाषण इंटरप्ट झालं. नंतर चालू झालंच की."

"आन तोडून तोडून आपणच बोलायचं सोडून दिलं तर?"

हसणं थांबलं. भुजंगराव शालीचा काठ बघायला लागले. "त्याला अबॉर्ट," ते हळू आवाजात म्हणाले. "हाती घेतलेलं अर्ध्यावर कायमचं सोडून देणं. उडायला निघालेलं विमान धावपट्टीवरच थांबवलं की म्हणतात, टेक ऑफ अबॉर्ट केलं."

"मंग ह्याच्यावर काही इलाज हाय का न्हाई?"

"आहे की," सर म्हणाले. "शेवटचा शब्द तोच आहे." तो शब्द त्यांनी सांगितला, एक उदाहरण दिलं, आणि माइक बजरंगच्या हातात देऊन खाली बसले. केवळाबाईंनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. भुजंगरावांनी, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, त्यांच्यासाठी शेजारची खुर्ची पुसली. बजरंग आभार मानायचे विसरला. सरांनी घड्याळाकडं पाहिलं. पाच मिनिटं व्हायची होती.

सर आयुष्यात पहिल्यांदा वेळेत बसले होते. घरी जाण्याइतका धीर नव्हता, म्हणून तिथंच पायरीवर बसून दोघांनी व्हिडिओ लावला. कट शॉर्ट झालं, ट्रंकेट झालं, केवळाबाई उभ्या राहिल्या, सर म्हणाले, "आहे की. शेवटचा शब्द—" आणि पडदा काळा. मोबाइलची मेमरी भरली होती. शालवाले, टॉवेलवाले, गालात हसणारे भुजंगराव, सगळे सत्कार त्यात ठासून बसले होते आणि सरांच्या शेवटच्या शब्दाला आत जागा उरली नव्हती.

विशाखाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यामुळं झालं," त्या म्हणाल्या. सरांना वाईट वाटलं, खूप वाटलं, पण त्यांनी ते आवाजात येऊ दिलं नाही. "असू दे," ते म्हणाले. "त्यांना पूर्ण लागतो. पाठवू नको." एवढं बोलून ते चहाचा कप घ्यायला उठले आणि कप न घेताच परत आले. तोवर विशाखाबाईंनी सत्कार पुसून जागा केली होती आणि व्हिडिओ लातूरला पाठवून दिला होता. सहा वाजत होते.

पुढचे दिवस सर गॅलरीत बसले. इस्त्रीचा शर्ट मात्र घालायचं सोडलं. भुजंगराव गेटवरून सल्ले देत होते. म्हणाले, लातूरला जाऊन मुलाकात घ्या. म्हणाले, अर्ज लिहून दरख्वास्त करा. त्यांच्या मागून केवळाबाई काहीतरी सांगायच्या आणि भुजंगराव चक्क ऐकायचे, हा एक फरक पडला होता.

शुक्रवारी फोन वाजला. मॅडमचा होता. सरांनी तो स्पीकरवर टाकला आणि उभे राहिले.

"सर, तुमचा व्हिडिओ अर्धवट आलाय."

"हो मॅडम. त्याचं असं झालं, की—"

"अर्धवट आम्ही घेत नाही, नियम आहे. पण आमच्या स्टाफरूममध्ये चार दिवस झाले वाद चालू आहे. फिजिक्सचे सर एक शब्द म्हणतात, केमिस्ट्रीच्या मॅडम दुसराच. ऑफिसातल्या बाई मला रोज विचारतात, त्या माउलीला इलाज काय सांगितला म्हणून. नांदेडच्या मुलांच्या ग्रुपवर टाकला तर मुलं पण तेच विचारतात. तेवढा शेवटचा शब्द सांगा बरं."

सरांचा चेहरा उजळला. कुणीतरी त्यांना काहीतरी विचारलं होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. विशाखाबाईंनी तो श्वास ओळखला. लॅटिनचा श्वास होता तो. त्यांनी पुढं होऊन टेबलावरचा फोन उचलला.

"मॅडम, नमस्कार. मी विशाखा, सरांची मिसेस. ते सोमवारी वर्गात सांगतील."

पलीकडं मॅडम हसल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "सोमवारी सकाळी आठला पाठवा त्यांना."

फोन बंद झाला. सर अजून तोंड उघडं ठेवूनच उभे होते. "विशाखा," ते म्हणाले, "तू मला कट शॉर्ट केलंस."

"न्हाई," विशाखाबाई म्हणाल्या. "इंटरप्ट केलं. पुढचं सोमवारी बोला." आणि त्या इस्त्री तापत ठेवायला आत गेल्या.

सोमवारी सर वर्गात शिरले. नवे बाक, नवा फळा, समोर ओळखीचं एकही तोंड नाही. दोन वर्षांनी खडू हातात घेतला. मग सवयीनं तेच वाक्य तोंडून निघालं, जे बिलोलीत त्यांनी रोज सकाळी म्हटलं होतं.

"हं, तर आपण कुठं थांबलो होतो?"

ज्या मुलांना सरांनी कधी पाहिलं नव्हतं ती मुलं एका आवाजात म्हणाली, "शेवटच्या शब्दापाशी, सर."

सर फळ्याकडं वळले. वळणं भागच होतं, कारण डोळे पुसायचे होते. त्यांनी मोठ्या अक्षरात तो शब्द लिहिला आणि मोठ्यानं वाचला. रिझ्यूम. थांबलेलं पुन्हा जिथल्या तिथून सुरू करणं. मुलांनी तो वहीत उतरवला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्ही कर्टेलपाशी अडखळलात. त्या शब्दाचं काही आहे का?"

विशाखाबाईंनी दिलेला डबा त्या दिवशी संध्याकाळी जसाच्या तसा परत आला. मधली सुट्टी झाली तेव्हा घोडा नुकताच तबेल्यातून बाहेर निघाला होता.